तिजोरीची किल्ली

१ ऑक्टोबर २०२५ रोजीं अमेरिकेच्या केंद्र सरकारचें बरेंचसें कामकाज बंद पडलें, तें १२ नोव्हेंबरपर्यंत. आरोग्यविम्याच्या अनुदानावरून तेथील पक्षांचें जमेना, म्हणून खर्चास मंजुरी मिळेना. कोणी सोलापूरकर सहज विचारील, आपल्या डॉ. वैशंपायन स्मृति वैद्यकीय महाविद्यालयावर असा प्रसंग येईल काय?

आपल्या राज्यघटनेनेंही किल्ली लोकप्रतिनिधींच्याच हातीं दिली आहे. २०४ व्या कलमाप्रमाणें विनियोजन विधेयक संमत झाल्यावांचून राज्याच्या एकत्रित निधींतून खर्च करतां येत नाहीं, आणि वर्षाची मंजुरी ३१ मार्चला संपते. परंतु २०६ व्या कलमांत लेखानुदानाची, म्हणजे कांहीं काळापुरत्या आगाऊ मंजुरीची, सोय आहे. २०२४ सालीं लोकसभेची निवडणूक तोंडावर असतां महाराष्ट्राचा अंतरिम अर्थसंकल्प २७ फेब्रुवारीला मांडण्यांत आला, पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला. मधला खर्च लेखानुदानावर भागला. शिवाय येथें विधानसभेनें पैसा नाकारला तर मंत्रिमंडळासच पायउतार व्हावें लागतें. अमेरिकेंत अध्यक्षांचें आसन ढळत नाहीं, म्हणून तिढा लांबतो.

तेव्हां आपणांस भय टाळ्याचें नाहीं, घाईचें आहे. ठरलेली मुदत संपली कीं उरलेल्या मागण्या चर्चेवांचून एकदम मतास टाकल्या जातात. त्यांत रुग्णालयाच्या खाटाही असूं शकतात, उजनीचे कालवेही. यास्तव आपल्या आमदारास मंजूर झालें काय, एवढेंच न विचारतां, वाचलें होतें काय, हेंही विचारावें.