तळेगावचा पैसा आणि दोन महासत्ता

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनी प्रत्येक नवस्वतंत्र राष्ट्रापुढे एकच प्रश्न टाकला: तुम्ही कोणाच्या बाजूचे? १९५२ साली पचमढी येथे डॉ. राममनोहर लोहियांनी हा प्रश्नच नाकारला. भांडवलशाही व साम्यवाद यांचा झगडा मालकीपुरता आहे. अवाढव्य यंत्रे आणि केंद्रित सत्ता यांवरील श्रद्धा दोहोंची एकच, म्हणून आशियाला दोन्ही सारख्याच गैरलागू, हे त्यांचे प्रतिपादन होते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि भांडवलशाहीच्या विजयाचे नगारे वाजले. त्या विजयाचा अर्थ तळेगावने पाहिला आहे. अमेरिकन जनरल मोटर्सचा कारखाना येथे २००८ साली सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. निर्णय सातासमुद्रापार झाला, रोजगार मावळातला गेला.

याच गावात शतकापूर्वी पैसा फंडाचा काच कारखाना जनतेच्या एकेका पैशातून उभा राहिला होता. मॉस्कोचा पराभव हा डेट्रॉईटच्या न्यायाचा पुरावा नव्हे. कारखान्याच्या भवितव्याचा निर्णय तेथे राबणाऱ्यांच्या हाती आणणे, हे समाजवाद्यांचे कार्य अद्याप शिल्लक आहे.