नदीचा वाटा

(कार्यकर्ते व हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी संस्थेत पाण्याचं काम बघतो. पाण्याचं काम म्हणजे विहीर, हातपंप, टाकी असं सगळे समजतात. मग गेल्या वर्षीपासून तुम्ही नदीत उभे राहून काय मोजता, आणि माशांचं काय घेऊन बसलात, असं मला बरेच जण विचारतात. आज त्याचंच उत्तर देतो.

आपला वाशिम जिल्हा माथ्यावरचा. काटेपूर्णा इथं उगम पावते आणि अकोल्याकडे उतरते. अडाण, अरुणावती इथून निघून यवतमाळकडे जातात. पाण्याचं माहेर इथं, नांदणं दुसरीकडे. मोठी नदी म्हणावी तर दक्षिणेच्या शिवेवरची पैनगंगा. सिंचनाचा अनुशेष भरून काढायला तिच्यावर ११ बॅरेज बांधले गेले. कोकलगाव, जुमडा, अडगाव, उकळी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात त्यामुळे गहू-हरभरा उभा राहिला. मी त्याच्या विरोधात बोलायला उभा नाही, हे आधीच सांगतो.

पण बॅरेजच्या वर जसं गाव असतं, तसं खालीही असतं. अशाच एका बॅरेजच्या खाली आंध समाजाची एक वस्ती आहे. शेती थोडी, तीही खडकाळ. सोयाबीनची सोंगणी झाली की मजुरी संपते. मग उन्हाळ्यापर्यंत ताटात भाकरीसोबत काही असेल, तर ते नदीतलं. वाम, मरळ, शिंगाळा, झिंगे. विकायला नाही, घरच्या कालवणापुरतं.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर गेट खाली आले आणि दोन-तीन दिवसांत नदीची खळखळ थांबली. मागे फक्त डोह उरले. माघ लागेपर्यंत डोहातलं पाणी हिरवं झालं. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घ्यायचे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं, म्हणून पहाटे माशांचा जीव सर्वांत जास्त घुसमटतो. एका सकाळी ते पोट वर करून तरंगताना दिसले. पोरांनी टोपल्या भरल्या. दोन दिवस घरोघरी कालवण होतं. मग मृगापर्यंत काही नाही. तिथली एक आजी मला म्हणाली, “पोरा, नदी आटली नाही. तिला वर बांधून ठेवलंय.”

आम्ही अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेब भले होते. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “किती पाणी सोडायचं?” आम्ही म्हणालो, “थोडं तरी सोडा.” ते म्हणाले, “थोडं हा आकडा फाईलवर लिहिता येत नाही.” आम्ही मान खाली घालून परत आलो. पण त्यांचं बरोबर होतं.

म्हणून मोजायला शिकलो. त्याला मोठं यंत्र लागत नाही. नदीचा सरळ पट्टा बघायचा, १० मीटर दोरी धरायची, वरच्या टोकाला लिंबू सोडायचं आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. मग काठीने चार-पाच ठिकाणी खोली बघायची. डिसेंबरात बॅरेजच्या फुगवट्याच्या वर, जिथे नदी अजून धावती होती, तिथे पात्र ४ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल होतं. लिंबाला ४० सेकंद लागले. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणायचं. हिशेब आला सेकंदाला १७० लिटर. त्याच दिवशी बॅरेजच्या खाली मोजायला गेलो, तर लिंबू जागचं हललं नाही.

आता मागायचं किती? टेनंट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९७६ मध्ये एक ढोबळ माप सांगितलं. वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात मासा कसाबसा तग धरतो, ३० टक्क्यांत बऱ्यापैकी जगतो. आपल्याकडे २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने नदीसाठी पाणी राखून ठेवावं असं म्हटलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेसाठी, उगमापासून हरिद्वारपर्यंत, नोव्हेंबर ते मार्च या काळात २० टक्के प्रवाह सोडणं बंधनकारक केलं. तो आदेश गंगेपुरता आहे. पण बोलणी सुरू करायला आकडा मिळाला. १७० चे २० टक्के म्हणजे सेकंदाला ३४ लिटर.

हा आकडा घेऊन आधी आम्ही वरच्या गावात गेलो. शेतकरी चिडले. “आमच्या मोटारी बंद पाडता का?” त्यांत आपलेही लोक होते, तेही मोटार लावतात. आम्ही पाटीवर लिहून दाखवलं. पाच एचपीची मोटार, पाणी फार उंच चढवायचं नसेल, तर सेकंदाला साधारण १० लिटर ओढते. म्हणजे नदीला हवं आहे ते साडेतीन मोटारींचं पाणी. एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “मग नदीचीही एक-दोन कनेक्शनं धरा आमच्यात.” सगळे हसले. त्या हसण्यानंतर बोलणं सोपं झालं. गेल्या हिवाळ्यात दोनदा पाणी सोडलं गेलं. पुरेसं नव्हतं, पण दोन डोह जगले.

पाणी किती, एवढंच पुरत नाही. कधी, हेही बघावं लागतं. रोहू, कटला, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातला वाहता पूर लागतो. पहिल्या पुराबरोबर मासा वर चढतो, तेव्हा गेट उघडे हवेत. आणि आपणही चढणीचा मासा मच्छरदाणीने गाळून काढायचा नाही. मरळ पिलांची राखण करत फिरते, तेव्हा तिला मारलं की अख्खी वीण गेली. दोष सगळा गेटचा नाही. डोहातली वाळू उपसली, विषारी पावडर टाकली, हे आपल्याच हातांनी झालं.

बिघडलेलं पाणी पुन्हा नांदतं करता येतं. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी, मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने, तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत आले. ते तलाव आहेत, आपली नदी आहे. पण आसरा दिला की मासा येतो, हे दोन्हीकडे खरं.

आपल्या जिल्ह्यात पेसा लागू नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य आहे. जंगलालगतच्या वस्त्यांनी ग्रामसभेतून तो दावा जरूर करावा.

शेवटी तीन गोष्टी मागतो. प्रत्येक वस्तीने दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी प्रवाह मोजून वहीत लिहावा. एक डोह राखीव ठेवावा. त्यात फांद्या-दगडांचा आसरा करावा, काठाला करंज, उंबर लावावेत आणि मृगापासून पोळ्यापर्यंत तिथे जाळं टाकू नये. आणि हितचिंतकांना विनंती, मोजणी करणाऱ्या दोन मुलींचा येण्या-जाण्याचा आणि वह्यांचा खर्च उचलावा. टेप आणि दोरी आमच्याकडे आहे, लिंबं आजी देते.

पुढच्या वेळी कार्यालयात कोणी “किती?” विचारलं, तर आम्ही वही उघडून समोर ठेवू.