संकटानंतरचे आत्मपरीक्षण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी दोन महिन्यांपूर्वी मला पत्र पाठवून आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, आणि विषयही तेच ठरवून मोकळे झाले. माझे शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढे अध्यापकाचा प्रशिक्षणक्रम, एवढेच. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविली. मोठ्या तत्त्वचर्चेचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि ज्या संकटाच्या तोंडी मी उभा होतो, त्याविषयी बोलण्याचा अधिकार वयाने दिला आहे असे समजून आपल्यापुढे उभा आहे.

आत्मपरीक्षण हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. निवडणूक हरलेला पक्ष आत्मपरीक्षण करतो, सामना हरलेला संघ आत्मपरीक्षण करतो, आणि दोघेही पुढच्या खेपेस तसेच हरतात. याचे कारण असे की, परीक्षेत प्रश्न कोणता विचारला यावर उत्तराची योग्यता अवलंबून असते. चाळीस मुलांचे पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्नच चुकीचा असेल तर हुशार मुलाचेही उत्तर वाया जाते. संकटानंतर माणसे स्वतःला प्रथम जो प्रश्न विचारतात, तो बहुधा चुकीचा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांची भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मिनिटभरात दगडमातीचे ढीग होऊन पडली. आठ ते दहा हजारांच्या घरात माणसे गेली. मी त्या वेळी तिशीचा, त्या पट्ट्याच्या कडेच्या एका गावी शिक्षक होतो. आमच्या गावात हानी तुलनेने कमी झाली, म्हणजे मयतांची नावे शाळेच्या फळ्यावर मावली. ती मीच लिहिली, कारण पंचनाम्यास आलेल्या तलाठ्याला गावाची पुरती ओळख नव्हती. त्याहून अधिक वर्णन करीत नाही. त्या पट्ट्यातून आलेली काही कुटुंबे या सभागृहात बसलेली आहेत.

पहिले काही दिवस धावपळीत गेले. प्रश्न सुरू झाले ते पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम पडल्यानंतर. रात्री माणसे बोलत बसत, आणि बोलणे फिरून एकाच ठिकाणी येई: हे कोणाच्या पापाने झाले? कोणी म्हणे, ग्रामदैवताचा नवस फिटला नाही. कोणी म्हणे, गावात अमुक एक अनाचार घडला. प्रत्येक तर्काच्या शेवटी बोट एखाद्या माणसाकडे जाई, आणि तो माणूस बहुधा दुबळा असे. आमच्या शेजारच्या वस्तीत एका मुलीचे लग्न त्याच उन्हाळ्यात झाले होते. सासरचे चौघे गेले, ती वाचली. तिच्या पायगुणाची चर्चा मी माझ्या कानांनी ऐकली. तिचे वय एकोणीस होते.

असा प्रश्न केवळ अडाणी माणसेच विचारतात असे कोणी समजू नये. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, त्या वेळी महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर हिंडत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा होय, असे ते जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर हे गांधींचे चाहते आणि अस्पृश्यतेचे कट्टे विरोधक. तरीही त्यांना हे सहन झाले नाही. सृष्टीतील घडामोडींचा माणसाच्या नीतीशी असा संबंध जोडणे अशास्त्रीय आहे, आणि आपल्या देशात अशी समजूत सहज पसरते म्हणून ते अधिकच घातक आहे, असा निषेध त्यांनी लिहून पाठविला. गांधींनी तो निषेध आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला आणि सोबत आपले उत्तरही दिले. स्वतःचे मत त्यांनी सोडले नाही. अस्पृश्यता हे पाप होते यात तिळमात्र संशय नाही, परंतु भूकंपाचा न्याय असा की मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली स्पृश्य आणि अस्पृश्य दोघेही सापडले. एवढ्या थोर पुरुषाच्या हातूनही जो प्रश्न चुकीचा पडला, तो आपल्या हातून पडू नये असे कसे म्हणावे? मात्र विरोधकाचे पत्र आपल्या पत्रात छापण्याची जी रीत त्यांनी दाखविली, तिचा मला हेवा वाटतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो मला एका गवंड्याने शिकविला. आम्ही सारे त्याला मामा म्हणत असू. गावातील निम्म्या भिंती त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातच्या. त्याचे स्वतःचे घर मात्र कुडाचे होते, वर पाचटाचे छप्पर. ते जागचे हलले नाही. ज्यांचे वाडे पडले त्यांतील काहींनी त्याच्याशी बोलणे टाकले. त्याने थापी आणि ओळंबा पोत्यात बांधून ठेवला व कित्येक महिने हातात घेतला नाही. तो दिवसभर पडक्या घरांतून हिंडे. लोकांना वाटले, डोके फिरले. वस्तुतः तो पाहणी करीत होता.

एके दिवशी तो शाळेपाशी येऊन बसला आणि म्हणाला, “गुरुजी, दगड खोटा न्हवता. बांधणी खोटी व्हती.”

“म्हणजे काय, मामा?”

मग त्याने मातीत बोटाने आकृती काढली. आमच्याकडील भिंत दोन-तीन फूट रुंद. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये गोटे व चिखल भरलेला. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच कोणी घाली, कारण असा दगड घडविण्यास मजुरी जास्त पडते. धक्का बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि फुगून कोसळले. वर माळवद. दर पावसाळ्यापूर्वी गळती लागू नये म्हणून त्यावर पांढरीच्या मातीचा नवा थर पडे आणि जुना कोणी काढीत नसे. आजोबा, बाप, मुलगा असे तिघांच्या हयातीचे ओझे डोक्यावर घेऊन घर उभे असे. ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. ज्या घरांत सागवानी खांब-तुळयांचा खणाचा सांगाडा नीट होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती बाहेर ढासळल्या, पण माळवद खांबांवर तोलून राहिले व आतली माणसे वाचली. आणि कुडाच्या घरांतील गरीब तर बहुतेक वाचलेच.

विचार करा, ज्ञातिबंधूंनो. भिंत जितकी रुंद तितका घराणा मोठा, असे आमच्या भागात मानीत. उन्हाळा सुसह्य होई, चोराची भीती कमी होई, हे खरेच. पण त्या रुंदीला मोठेपणाचाही वास होता. त्याच मोठेपणाखाली माणसे गाडली गेली. भूकंप कोणी आणला नाही. तो प्रदेश तर त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. 1992 पासून किल्लारीच्या परिसरात लहान धक्के जाणवत होते, तरी एवढे मोठे अरिष्ट कोणी कल्पिले नव्हते. परंतु भिंत आम्ही बांधली होती. “कोणाचे पाप?” या प्रश्नाने एकोणीस वर्षांच्या मुलीकडे बोट दाखविले. “काय पडले, आणि का पडले?” या प्रश्नाने मामाला लांब दगडाकडे नेले. पुढे सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. जवळजवळ दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीचे काम निघाले. भिंतीत आरपार दगड बसविणे, माळवदाची माती कमी करणे, चौफेर पट्टी घालणे, हे गवंड्यांना शिकविण्यात आले. त्या प्रशिक्षणात मामा पहिल्या रांगेत बसला. साहेबांनी आकृती काढली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “ह्ये मला ठावं हाय.” ज्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते, त्यांपैकी दोघांनी पुढे त्याच्याच हातून घरे बांधविली. सर्वांनी नाही. एक घर शेवटपर्यंत त्याच्याकडे गेले नाही, आणि मामानेही त्याची तक्रार केली नाही.

मुलांविषयी दोन शब्द. वर्ष-सव्वा वर्ष आमची मुले भिंतीला पाठ टेकीत नसत. शाळा लिंबाखाली भरे. भारतीय जैन संघटनेने त्या पट्ट्यातील सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. त्यांतील कित्येक शिकून पुढे आली. जी मागे राहिली त्यांनी मला भिंतीचे गणित विचारले. “गुरुजी, किती जड असलं की पडतं?” पाठ्यपुस्तकात हे नव्हते. आम्ही विटा रचून, हलवून पाहिल्या. वजन आणि तोल यांचे इतके चांगले धडे मी पुढे कधी घेतले नाहीत.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसविली गेली. जमीन किती यावर घराचे माप ठरले: 250, 400 वा 750 चौरस फूट. रस्ते रुंद, रांगा सरळ, पण जुन्या भावकीची गल्ली तुटली. लहान खातेदार एकीकडे, मोठे दुसरीकडे. म्हातारी माणसे सायंकाळी जुन्या गावठाणात जाऊन बसत. मला यावर फार बोलावयाचे नाही. सिमेंट लवकर वाळते, शेजार मुरायला वेळ लागतो.

मला बोलावयाचे आहे ते स्त्रियांविषयी. दुरुस्तीच्या कार्यक्रमात शेकडो गावांतून महिला मंडळांतील बायकांना संवादसहायक म्हणून नेमले गेले. घरमालकाला त्याचे हक्क समजावून सांगणे, हप्ता कोणत्या टप्प्यास मिळतो ते सांगणे, बांधकाम ठरल्याप्रमाणे होते की नाही ते पाहणे, हे त्यांचे काम. ज्या बाईने तोवर ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर पाऊल ठेवले नव्हते, ती अभियंत्याला विचारू लागली की, कोपऱ्यातला दगड आरपार का नाही? ती एकोणीस वर्षांची मुलगी, जिच्या पायगुणाची चर्चा झाली, तीही यांत होती. सासू प्रथम नको म्हणाली. नंतर तीच नातेवाइकांना सांगू लागली, “आमची सून मापं घेती.” 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा अनुभवी स्त्रिया तेथील स्त्रियांना धीर आणि माहिती देण्यासाठी गुजरातेत गेल्या. ज्यांना मदत हवी होती, त्या सात-आठ वर्षांत मदत देणाऱ्या झाल्या. आत्मोन्नती म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर मी ग्रंथ उघडण्याआधी हे सांगतो.

पण याच भागात दुसरीही गोष्ट घडली. बायको गेलेल्या पुरुषांची लग्ने आमच्या पंचक्रोशीत वर्षाच्या आत लागली. कोणी काही बोलले नाही, बोलण्यासारखे त्यात काही नव्हतेही. नवरा गेलेल्या बायकांची लग्ने बोटांवर मोजण्याइतकी झाली. ही भिंत त्या पहाटे पडली नाही.

आता आपल्या मंडळाकडे येतो. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत करोनाच्या साथीने आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांचे कर्ते पुरुष नेले. मंडळाने त्या काळी शिधा पोचविला, मुलांच्या शुल्काला हातभार लावला. त्याबद्दल कार्यकारिणीचे अभिनंदन करावे तितके थोडे आहे. परंतु त्यानंतरच्या संक्रांतीची आपली हळदीकुंकवाची निमंत्रणपत्रिका मी जपून ठेवली आहे. तिच्यावर “सर्व सौभाग्यवती भगिनींना” असे छापलेले आहे. ज्या घरी शिधा गेला, त्या घरी हे निमंत्रण गेले नाही. आपल्या वधूवरसूचक पुस्तिकेत पुनर्विवाहेच्छू विधुरांची माहिती सर्वांबरोबर येते, आणि विधवा भगिनींची, आलीच तर, शेवटच्या पानावर येते. हे कोणी दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. माळवदावर दरवर्षी मातीचा थर टाकणाराही दुष्ट नव्हता.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एक ग्रामपंचायत जे करू शकते, ते शिकलेल्या कुटुंबांच्या आपल्या मंडळास कठीण का असावे? वडीलधाऱ्यांचा मान राखून मी हे विचारतो. परंपरेत जे सांगाड्यासारखे आहे, जे घर तोलून धरते, त्यास मी हात लावू म्हणत नाही. आपले सण, आपली एकत्र पंगत, अडीअडचणीला धावून जाण्याची आपली रीत, हे सागवानी खांब आहेत. साठत गेलेली माती वेगळी आणि खांब वेगळे, एवढेच माझे म्हणणे आहे.

यास्तव पुढील सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव ठेवावेत, अशी माझी नम्र विनंती आहे. एक, येत्या संक्रांतीच्या पत्रिकेवरून “सौभाग्यवती” हा शब्द वगळून “ज्ञातीतील सर्व भगिनींना” असे छापावे, आणि ती पत्रिका साथीत घरधनी गमावलेल्या प्रत्येक घरी मंडळाच्या भगिनींनी स्वतः जाऊन द्यावी, टपालाने पाठवू नये. दोन, वधूवरसूचक पुस्तिकेत विधवा व विधुर यांची माहिती एकाच अनुक्रमाने, एकाच टाइपात यावी. ठरावांचा मसुदा मी चिटणीसांच्या हाती दिलेला आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे. अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे.