रस्त्यावरचे पाणी, दारचे झाड

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने पाळी घालून तलाव, बोड्या बांधल्या व त्यांवर धान पिकविले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. आणि पाण्याची निगा हे दुसऱ्याचे काम, असे आम्हां गावकऱ्यांस वाटू लागले.

अमेरिकेतील टक्सन शहरी वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील रहिवाशांनी रस्त्याची कड कापून वाहते पाणी झाडांच्या आळ्यांत वळविले व गल्ल्यांत सावली आणली. लाखनीत याच्या तिपटीहून अधिक पाऊस. तरी वैशाखात दारचे रोप वाळते, कारण आषाढाचे पाणी आपण नालीत सोडतो.

हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी. रस्त्याहून वीतभर खोल आळे करावे, तोंडाशी दगड रचावे, आत पालापाचोळा पसरावा. आपली धानाची जमीन पाणी धरून ठेवते; म्हणून रोप मधोमध न लावता कडेच्या उंचवट्यावर लावावे. पाणी दिवसभरात जिरलेच पाहिजे, नाही तर डास होतात. सांडपाणी आत येऊ देऊ नये. आणि भाजीपाला नव्हे, कडुनिंब-करंज लावावे.

मृगास अवधी आहे. तोवर प्रत्येक गल्लीने आपले पाणी कोणीकडे वाहते एवढे पाहून ठेवावे, ही विनंती.