बँकेच्या नांवानें येणारीं बनावट पत्रें

सकाळचा चहा झालेला असतो, वर्तमानपत्र अर्धेंच वाचून झालेलें असतें, आणि तेवढ्यांत मोबाइलवर एक ई-मेल येऊन पडतो. वरच्या बाजूस बँकेचें ओळखीचें चिन्ह, खालीं अधिकाऱ्याचा हुद्दा आणि मध्यें दोन ओळी : ‘आपल्या खात्याच्या केवायसीची मुदत संपली आहे. चोवीस तासांच्या आंत खालील लिंकवर जाऊन माहिती पूर्ण न केल्यास आपलें खातें गोठविण्यांत येईल.’ ज्या गृहस्थाच्या हातीं हें पत्र पडतें, त्यानें जन्मांत कोणाचें देणें बुडविलेलें नसतें. विजेचें बिल मुदतीपूर्वीं भरण्याची त्याला संवय असते. निवृत्तिवेतन जमा होण्यास अवघे चार दिवस राहिलेले असतात. खातें गोठलें तर घरखर्चाचें काय, या एका शंकेनें तो लिंकवर बोट ठेवितो, आणि थोड्याच मिनिटांत अनेक वर्षांची शिल्लक परक्याच्या खात्यांत जाऊन बसते.

या फसवणुकीस इंग्रजींत ‘फिशिंग’ म्हणतात. मासे धरणें या अर्थाच्या शब्दाचें स्पेलिंग किंचित् बदलून १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हें नांव रूढ झालें, आणि तें अगदीं यथार्थ आहे. गळाला आमिष लावावें, पाण्यांत सोडावा आणि काठावर स्वस्थ बसावें. ई-मेल धाडण्यास खर्च जवळजवळ नाहीं. म्हणून एकच पत्र एका वेळीं लाखों पत्त्यांवर जातें. हजारांत एक मासा लागला तरी कोळ्याचें भागतें. ज्या बँकेंत आपलें खातेंच नाहीं तिचेंहि पत्र कधीं कधीं येतें, त्याचें कारण हेंच.

कथाकीर्तनांतून लक्ष्मणरेषेची कथा ऐकलेली नाहीं असा मराठी माणूस विरळा. रावणास ती रेषा ओलांडतां येईना. म्हणून त्यानें यतीचा वेष घेतला, भिक्षेची हांक दिली आणि बाहेर येऊन भिक्षा वाढण्याचा आग्रह धरला. पाऊल सीतेनें स्वतः उचललें, तेव्हांच त्याचा डाव साधला. आजच्या या चोराची अडचणहि तीच आहे. पासवर्ड, पिन, ओटीपी अशा रेषा बँकेनें खात्याभोंवतीं आंखून ठेविल्या आहेत. त्या ओलांडण्यापेक्षां मालकासच रेषेबाहेर बोलावणें पुष्कळ सोपें. म्हणून तो बँकेचा वेष घेतो. या चोरींत कुलूप फोडलें जात नाहीं. तें मालकाच्याच हातानें उघडविलें जातें.

हें उघडविणें घडतें तरी कसें? पत्रांतील लिंक बँकेच्या संकेतस्थळाकडे नेत नाहीं. ती त्याच्या हुबेहूब नकलेकडे नेते. तेथें ग्राहक आपलें नांव व पासवर्ड लिहितो. तीं अक्षरें चोराच्या हातीं जातात, आणि तो त्याच क्षणीं खऱ्या बँकेचें दार ठोठावितो. खरी बँक आपल्या नियमाप्रमाणें ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठविते. तो खऱ्या बँकेकडूनच आलेला असल्यामुळें ग्राहकाचा उरलासुरला संशयहि नाहींसा होतो, आणि तो आंकडा तो नकली पानावर टंकितो. ज्या ओटीपीनें रक्षण व्हावयाचें, त्याचाच असा किल्लीसारखा उपयोग होतो. त्या संदेशांत रक्कम किती व ती कोणास जावयाची हें बहुधा लिहिलेलें असतें; परंतु घाईंत माणूस फक्त आंकडा पाहतो, मजकूर वाचीत नाहीं.

फसतात ते अडाणीच, असा एक समज आहे. तो खोटा आहे. पुण्यांतील एका कारखानदारानें अशाच एका ई-मेलला उत्तर दिलें, आणि त्याच्या खात्यांतून सुमारें ८० लाख रुपये निघून गेले. हें प्रकरण माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालीं महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढें चाललें. २०१३ सालीं निकाल लागला, त्यांत बँकेनें ४५ लाख रुपये द्यावे असें ठरलें. लबाडीसाठीं उघडलेल्या खात्यांबाबत बँकेनें योग्य ती खबरदारी घेतली नाहीं, हा तिचा दोष. परंतु बनावट पत्रास उत्तर दिल्यामुळें कांहीं भार तक्रारदारानेंहि सोसावा, असा निर्णय झाला. कारखाना चालविणारा मनुष्य व्यवहारांत कच्चा नसतो. तो फसला, कारण पत्रानें त्याच्या ज्ञानावर घाला घातला नव्हता. घाला होता तो त्याच्या सावधपणाच्या एका क्षणावर.

अशा पत्राची पारख कशी करावी? पूर्वीं जाणते लोक सांगत कीं, भाषा अशुद्ध असेल, ‘प्रिय ग्राहक’ अशी मोघम सुरुवात असेल, तर पत्र खोटें समजावें. ही कसोटी आतां पुरेशी राहिलेली नाहीं. हल्लीं यंत्राकडून निर्दोष इंग्रजी आणि बऱ्यापैकीं मराठीहि लिहून घेतां येतें, आणि ग्राहकाचें पूर्ण नांव कोठून तरी मिळवितां येतें. अशुद्ध पत्र संशयास्पद खरें. परंतु शुद्ध पत्र विश्वासार्ह असें मात्र नव्हे.

पाठविणाऱ्याच्या नांवाचीहि तीच गोष्ट. पाकिटाच्या पाठीमागें कोणीहि कोणाचेंहि नांव लिहूं शकतो; तसेंच ई-मेलवर ठळक अक्षरांत दिसणारें नांव धाडणारा स्वतःच ठरवितो. त्या नांवाखालचा पूर्ण पत्ता उघडून वाचावा. वाचतांना अक्षरें मोजून पाहावीं. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ हीं अक्षरें जवळ ठेविलीं म्हणजे ‘एम’सारखीं दिसतात, ‘ओ’च्या जागीं शून्य आणि ‘एल’च्या जागीं एकाचा आंकडा सहज खपून जातो.

लिंकचा पत्ता वाचण्याचेंहि एक तंत्र आहे. तो डावीकडून वाचूं नये, उजवीकडून वाचावा. आरंभींच्या दोन तिरप्या रेघा सोडल्यावर पुढें जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे असलेले शब्द हे त्या स्थळाचें खरें आडनांव. त्यांच्याही डावीकडे बँकेचें नांव कितीहि वेळां घातलें तरी त्याला अर्थ नाहीं. कोल्हापुरांतील दुकानावर ‘पुणें टेलर्स’ अशी पाटी लाविली म्हणून तें दुकान पुण्यांत जात नाहीं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्त्याचा आरंभ तेवढा दिसतो आणि शेपूट झांकलें जातें. चोरांना हें पक्कें ठाऊक असतें. पत्त्याशेजारीं कुलपाचें चिन्ह दिसलें म्हणूनहि निश्चिंत होऊं नये. वाटेंत मजकूर दुसऱ्या कोणास वाचतां येणार नाहीं, एवढेंच तें कुलूप सांगतें. वाटेच्या टोकाला बसलेला साव आहे कीं चोर, हें तें सांगत नाहीं.

या बाबतींत रिझर्व बँकेनें एक उपयुक्त पाऊल उचललें आहे. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत परिपत्रक काढून तिनें बँकांना आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यावर नेण्यास सांगितलें. हा पत्ता वाटेल त्याला विकत मिळत नाहीं. त्याची नोंदणी बँकिंग तंत्रज्ञानाच्या विकासासाठीं व संशोधनासाठीं हैदराबाद येथें असलेल्या संस्थेमार्फतच होते. मात्र हे शब्द पत्त्याच्या अगदीं शेवटीं असले पाहिजेत. मध्यें कोठें तरी पेरलेले असले, तर ती पुन्हा कोल्हापुरांतील पुण्याची पाटीच होय.

परंतु या सर्व खुणांहून मोठी खूण पत्रांत नसते, ती वाचणाऱ्याच्या मनांत उमटते. पत्र वाचतांच छातींत धस्स झालें, किंवा आयकराचा परतावा मिळणार म्हणून हर्ष झाला, आणि हें काम आतांच्या आतां केलें पाहिजे असें वाटूं लागलें, तर तीच धोक्याची घंटा समजावी. नोव्हेंबर महिन्यांत निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. नेमकें त्या सुमारास ‘दाखला अमान्य झाला’ असें पत्र आलें, तर भल्याभल्यांचा धीर सुटतो. भीति आणि लोभ हे दोन्ही विचाराला वेळ देत नाहींत, आणि चोरास नको असते ती हीच वस्तु : विचारास लागणारा वेळ.

मग करावें काय? उपाय एकच, आणि तो पारखीहूनहि सोपा आहे. पत्रानें दाखविलेल्या वाटेनें बँकेकडे कधींहि जाऊं नये. स्वतःला ठाऊक असलेल्या वाटेनें जावें. पत्र खरें आहे कीं खोटें, या वादांत पडण्याचें कारणच नाहीं. तें बाजूस ठेवावें आणि बँकेचें अधिकृत अॅप स्वतः उघडावें. किंवा एटीएम कार्डाच्या मागें छापलेल्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. किंवा चप्पल पायांत घालून शाखेंत जावें. पत्र खरें असेल, तर तीच सूचना तेथें मिळेल. खोटें असेल, तर तेथें कोणास कांहीं ठाऊक नसेल. पत्रांत दिलेला दूरध्वनिक्रमांकहि पत्राचीच वाट होय; त्यावर चौकशी करणें म्हणजे चोरालाच तो चोर आहे काय असें विचारणें. सोबत जोडलेली फाइल उघडणें, क्यूआर चित्र मोबाइलनें टिपणें, कोणी सांगेल तें अॅप उतरवून घेणें, हीं सारीं त्याच वाटेचीं वळणें. पासवर्ड, पिन आणि ओटीपी या तीन गोष्टी तर बँकेचा कोणताहि अधिकारी विचारीत नाहीं.

ही रीत नवी नाहीं. हुंडीच्या काळीं एका गांवच्या सावकारानें दुसऱ्या गांवच्या पेढीवर हुंडी लिहिली, म्हणजे तिची सूचना देणारें वेगळें पत्रहि धाडण्याची चाल होती. हुंडी आणणाऱ्याच्या तोंडीं हवाल्यावर न विसंबतां दुसऱ्या वाटेनें आलेल्या त्या पत्राशीं ती ताडून पाहिली जाई. यंत्रें बदललीं, साक्ष दुसऱ्या वाटेनें घ्यावी, हें तत्त्व बदललेलें नाहीं.

एवढी सावधगिरी बाळगूनहि एखाद्याचा पाय घसरला, तर पुढील पहिला तास फार मोलाचा असतो. चोरलेली रक्कम एकाच जागीं राहत नाहीं. ती एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत भराभर फिरविली जाते. ती कोठें तरी असतांनाच अडविली गेली, तर परत मिळण्याची आशा असते. म्हणून प्रथम बँकेस कळवून खात्यावरील व्यवहार बंद करावे. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर-तक्रार क्रमांकावर दूरध्वनि करावा. नंतर बँकेचा आणि ई-मेलचाहि पासवर्ड बदलावा. तें पत्र रागानें पुसून टाकूं नये. तोच पुरावा आहे. कायदाहि पाठीशीं आहे. २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें नॅसकॉमच्या नांवानें धाडलेल्या अशा ई-मेलांच्या प्रकरणांत, या अपराधासाठीं स्वतंत्र कायदा नसतांहि, हें कृत्य बेकायदेशीर ठरविलें. २००८ च्या दुरुस्तीनें माहिती-तंत्रज्ञान कायद्यांत ६६-सी व ६६-डी हीं कलमें आलीं, आणि अशा तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली गेली.

तरीहि पुष्कळ माणसें हा पहिला तास वायां दवडतात. त्यांना कायदा ठाऊक नसतो असें नाहीं. त्यांना लाज वाटते. चिरंजीव काय म्हणतील, सूनबाई काय म्हणतील, एवढें शिकून फसलों हें शेजाऱ्यांना कळलें तर काय, या विचारांत ते दोन दिवस गप्प बसतात. या मौनाची किंमत रुपयांत मोजतां येते. रिझर्व बँकेनें जुलै २०१७ च्या परिपत्रकांत असें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकानें स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळें नुकसान झालें, तर बँकेस कळवीपर्यंतची हानि त्याची. कळविल्यानंतर जी होईल ती बँकेची. म्हणजे गप्प बसलेली प्रत्येक घटका ग्राहकाच्याच खातीं लिहिली जाते.

यास्तव या बाबतींत घरांतील तरुणांवर एक कर्तव्य येऊन पडतें. ‘असें कसें केलेंत, बाबा?’ हा प्रश्न त्यांनीं त्या तासापुरता तरी गिळावा, आणि वडिलांच्या शेजारीं बसून दूरध्वनि लावावा. ज्या घरांत चुकीबद्दल बोलणीं खावीं लागतात, त्या घरांत चूक लपविली जाते. आणि लपविलेल्या चुकीसारखा चोराचा दुसरा मित्र नाहीं. पत्र आल्यावर घाई न करणें आणि फसल्यावर विलंब न करणें, या दोन गोष्टी ज्या घरानें अंगीं बाणविल्या, त्या घराच्या दारांत रावण कोणत्याहि वेषानें आला तरी त्याला रिकाम्या झोळीनेंच परतावें लागेल.