रस्ता कोणाला विचारून आखायचा?
(शाखा मेळाव्यातील भाषण)



शहराचा मुख्य बाजाररस्ता नव्याने आखण्याची टूम आज पुष्कळ महापालिकांत निघाली आहे. सभागृहात रंगीत चित्रे लागतात. चित्रात झाडाखाली बाक असतो, बाकावर हसरी माणसे असतात. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल मात्र त्यात कुठे दिसत नाही. रेल्वे आणि टपाल कामगारांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पार्सल ऑफिसातून सुटलेला माल अखेर याच रस्त्यावर जातो आणि पोस्टमनची बीटही तिथेच असते. म्हणून आम्ही हा विषय मांडत आहोत.

दिल्लीचा चांदनी चौक घ्या. जुन्या दिल्लीचे स्टेशन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. शहाजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास हा बाजार वसवला. त्याच्या मधून कालवा वाहत असे. १९०८ मध्ये दिल्लीत ट्राम आली, तीही १९६० च्या दशकात गेली. पुढे मोटारींनी रस्ता असा भरला की पायी माणसाला जागा उरली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लाल जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद या सुमारे १.३ किलोमीटरच्या पट्ट्याचे काम सुरू झाले आणि १२ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी, रुंद पदपथ, मधल्या दुभाजकाच्या दोन्ही अंगांनी सायकल रिक्षांना वाट. चालणाऱ्याला मान मिळाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण रिक्षांची ही वाट कोणी दान दिलेली नाही. २००६ मध्ये याच रस्त्यावर सायकल रिक्षांना बंदी झाली होती. रिक्षांच्या संख्येवर ९९ हजारांची मर्यादाही होती. मानुषी संघटन न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. रिक्षावाल्याची बाजू आधी न्यायालयात उभी राहिली, म्हणून पुढे तो नकाशावर आला.

फेरीवाल्याचे तसे झाले नाही. नवा रस्ता तयार झाला तेव्हा तो फेरीबंदीचे क्षेत्र आहे असे सांगून फेरीवाल्यांना हटवण्याचे आदेश निघाले. कायदा तर २०१४ चाच आहे! सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही फेरीवाल्याला हटवू नये, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो म्हणतो. चर्चेला बोलावणे आणि निर्णयात वाटा देणे यांत किती अंतर आहे ते इथे कळते. (पालिका याला 'लोकसहभाग' म्हणते. आपल्या भाषेत त्याला वाटाघाट म्हणतात, आणि वाटाघाट सही होण्यापूर्वी करायची असते.)

आणखी एक गोष्ट चित्रात दिसत नाही. दिवसा मोटारबंदी म्हणजे टेम्पो दुकानाच्या दारी रात्री येणार. माल उतरवणाऱ्या हमालाची पाळी रात्रीकडे सरकणार. त्याला उजेड, पाणी, संडास आणि रात्रपाळीचा दर कोण देणार? व्यापारी, पालिका आणि वास्तुविशारद एवढेच टेबलाशी बसले, तर हा प्रश्न निघणारच नाही.

तेव्हा आपल्या स्टेशनासमोरचा किंवा हेड पोस्टासमोरचा रस्ता आराखड्यात आला की शाखेने निविदा निघण्यापूर्वी पालिकेला लेखी पत्र द्यावे. हातगाडीला उंचवटा नसलेली वाट, पोस्टमनच्या सायकलीला जागा, माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळा आणि रात्री उघडे राहणारे संडास, ही चार कलमे त्यात असावीत. हमाल, रिक्षावाले आणि फेरीवाले यांच्या संघटनांच्या सह्या आपल्या सहीच्या बरोबरीने घ्याव्यात. पत्राची पोच मात्र जपून ठेवा, साथींनो. ती पुढे लागते.