पाण्यातली स्पर्धा आणि वाळूवरचा बाजार

(मालवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आधुनिक बाजारपेठ, स्पर्धा आणि आर्थिक प्रेरणा यांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ कसा करतात, हा विषय आपण मला नेमून दिला आहे. विषय फार विस्तृत आहे. तो मी मालवणच्या किनाऱ्यापुरता आणि थोडाफार देवगडच्या आंबाबागांपुरता मर्यादित ठेवणार आहे. अर्थशास्त्राची कोणतीही कल्पना आपल्या परिचयाच्या व्यवहारावर घासून पाहिल्याखेरीज तिचा कस कळत नाही, हे त्याचे कारण.

बाजाराविषयी आपल्या चळवळीत दोन वृत्ती आढळतात. बाजार म्हणजे लूट, तेव्हा त्याचा अभ्यास तो काय करायचा, असे काहींना वाटते. १९९१ नंतर दुसरीही वृत्ती बळावली. बाजार सांगेल ते निमूटपणे स्वीकारणे हाच शहाणपणा, असे ती मानते. या दोन्ही वृत्तींचा परिणाम एकच होतो : प्रत्यक्ष बाजारात जाऊन पाहण्याच्या कष्टातून माणसाची सुटका होते. महाराष्ट्रातील अर्थशास्त्राची परंपरा मात्र अशी नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९३३ साली जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी होती. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत वाटेत कोण भेटतो, तो काय काम करतो आणि त्याबद्दल काय घेतो, हे आधी तपासायचे आणि निष्कर्ष मग काढायचा, ही ती पद्धत. सहकारी चळवळीला बौद्धिक अधिष्ठान देणाऱ्या माणसाला बाजाराचा बारकाईने अभ्यास करण्यात काही कमीपणा वाटला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता किनाऱ्यावर येऊ. होड्या लागल्या की वाळूवर मासळीचा लिलाव होतो. पाठ्यपुस्तकातल्या बाजाराचे हे जणू चित्रच : माल समोर, खरेदीदार समोर, बोली उघड. लिलाव हा तर आधुनिक अर्थशास्त्राचा आवडता विषय. लिलावाच्या सिद्धान्तासाठी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या शास्त्राचा पहिला प्रश्न साधा असतो : बोली लावणारे किती आहेत, आणि विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे काय? बांगडा किंवा तारली बर्फाविना काही तासही थांबत नाही. त्या मानाने खरेदीदाराला घाई नसते. त्याच्याजवळ बर्फ असतो, गाडी असते आणि गोव्यातला किंवा मुंबईतला भाव त्याला ठाऊक असतो. तेव्हा बोली उघड असली, तरी दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते.

याबाबत केरळातील एक अभ्यास जगभर गाजला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने कासरगोड, कण्णूर आणि कोळिक्कोड या जिल्ह्यांतील तारलीच्या बाजारांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे १९९७ पासून भ्रमणध्वनी आला. त्यापूर्वी एका बंदरात मासळी अक्षरशः फेकून द्यावी लागे आणि त्याच दिवशी काही मैलांवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. माहितीचा अभाव दूर झाला की दोघांचेही भले होते, याचा हा चांगला दाखला होय.

पण हा दाखला येथेच संपत नाही. दूरध्वनीवरून कळलेल्या चांगल्या भावाचा उपयोग कोणाला? ज्याला हव्या त्या बंदरात होडी नेण्याची मोकळीक आहे त्याला. ज्याने जाळ्यासाठी, इंजिनासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला आपला माल त्याच व्यापाऱ्याला घालावा लागतो. कर्जाचा करार आणि विक्रीचा करार असे एकमेकांत गुंतलेले असतात. झां-फिलिप प्लातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण केरळातील मच्छीमार गावांतील अशा कर्जव्यवहारांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध केला. शेतीच्या संदर्भात अमित भादुरी यांनी १९७३ सालीच कर्ज आणि कुळसंबंध यांच्या अशा गुंतागुंतीची मीमांसा केली होती. अशा करारात व्याज कागदावर दिसत नाही. ते दर टोपलीमागे कमी मिळालेल्या भावात दडलेले असते. म्हणून ‘आमचा व्यापारी व्याज घेत नाही’ असे कोणी सांगितले, तर कार्यकर्त्याने लगेच विचारावे : त्याच दिवशी, त्याच मासळीला, उचल न घेतलेल्या माणसाला काय भाव मिळाला? या दोन भावांतील फरक म्हणजे व्याज.

आता पाण्यात उतरू. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने मासेमारीविषयी एक मूलभूत निबंध लिहिला. त्याचे सार मी कल्पित आकड्यांनी सांगतो. समजा, एका पट्ट्यात दहा होड्या आहेत आणि प्रत्येकीला रोज १०,००० रुपयांची मासळी मिळते. एकूण १ लाख रुपये. अकरावी होडी आली. मासळी मर्यादित असल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला आता ९,५०० रुपये येतात. एकूण झाले १,०४,५००. म्हणजे गावाच्या पदरात भर पडली ४,५०० रुपयांची, पण अकराव्या मालकाच्या हाती आले ९,५००. उरलेले ५,००० इतर दहा जणांच्या जाळ्यांतून गेले. अकराव्या होडीचा रोजचा खर्च ७,००० असेल, तर मालकाला २,५०० रुपयांचा फायदा होतो आणि त्याच वेळी सर्व गावाला मिळून २,५०० रुपयांचा तोटा. मालक दुष्ट नाही. तो आपल्या हिशोबाने योग्यच वागतो. दोष त्याचा हिशोब ज्या नियमांवर चालतो त्या नियमांत आहे.

गॉर्डनच्या मांडणीत सर्व होड्या सारख्या होत्या. आपल्या किनाऱ्यावर त्या तशा नाहीत. एका बाजूला रापण आहे : किनाऱ्यावरून दोर ओढणारी माणसे आणि आलेल्या मासळीचे वाटे. दुसऱ्या बाजूला पर्ससीन जाळे आहे. ते बांगड्या-तारल्यांचा अख्खा थवा वेढून खालून बटव्यासारखे आवळले जाते. तिसरा प्रकार एलईडी दिव्यांचा : प्रखर प्रकाशाने मासळी एका जागी ओढून आणायची आणि उचलायची. येथे अकरावी होडी एकटीच मागील दहांच्या तोडीची असते. त्यामुळे एकूण नुकसानीच्या प्रश्नाला वाटपाचा प्रश्न जोडला जातो. शेजारच्या गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांचे जे मोठे आंदोलन उभे राहिले, त्याच्या मुळाशी हेच होते. त्यानंतर गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली झाला आणि महाराष्ट्राचा १९८१ साली.

मासळी कमी झाली की सगळे खापर जाळ्यांवर फोडणेही शास्त्रीय नव्हे. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. शास्त्रज्ञ त्यात समुद्राच्या तापमानाचा आणि प्रवाहांचाही वाटा मानतात. पण निसर्ग हात आखडता घेतो तेव्हाच तर आवर अधिक हवा. दुष्काळात विहिरीवर जादा पंप बसवण्याचे समर्थन कोणी करीत नाही.

हा आवर कोणी घालायचा? १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामायिक मालमत्तेची शोकांतिका अटळ ठरवली. तेव्हापासून खाजगी मालकी किंवा सरकारी हुकूम असे दोनच मार्ग सांगण्याची प्रथा पडली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिसरा मार्ग जगभरच्या उदाहरणांनी दाखवला. तुर्कस्तानातील आलान्या येथील मच्छीमार चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटून घेतात आणि रोज एकेक जागा पुढे सरकतात. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाला केव्हा ना केव्हा मिळते, आणि कोणी घुसखोरी केली तर ज्याची पाळी आहे तोच ती रोखतो. २००९ साली ऑस्ट्रॉम यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मात्र त्यांनी एक अटही सांगितली आहे : बाहेरच्याला बाहेर ठेवता आले पाहिजे आणि स्थानिकांचे नियम शासनाने मानले पाहिजेत. रापणीचा गाव आपापसात कितीही शिस्तीने वागला, तरी परप्रांतीय ट्रॉलर रात्री १२ सागरी मैलांच्या आत येऊन जाणार असेल, तर त्या शिस्तीचा लाभ ट्रॉलरला मिळतो.

येथे आर्थिक प्रेरणांचा विचार येतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य शासनाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने राज्यातील दंड लाखांच्या घरात नेला. कागदावर हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु शिकागोच्या गॅरी बेकर यांनी १९६८ साली एक हिशोब मांडला होता. बेकर काही आपल्या गोटातले नव्हते, तरी तो हिशोब आपल्या कामाचा आहे. नियम मोडणारा दंडाची रक्कम एकटी पाहत नाही. ती रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार तो पाहतो. पाच लाखांचा दंड आणि शंभरात एकदा पकडले जाण्याची शक्यता, म्हणजे दर फेरीला पाच हजारांचा खर्च. एका रात्रीत त्याच्या कित्येक पटींची मासळी मिळत असेल, तर तो दंड परवाना शुल्कासारखा ठरतो. म्हणून आपल्या मागणीपत्रात दंडवाढीच्या आधी गस्तीनौका, त्यांचे इंधन आणि पकडलेल्या प्रकरणांच्या निकालाची मुदत यायला हवी.

अनुदान हीदेखील प्रेरणाच आहे. यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. जो अधिक डिझेल जाळतो त्याला अधिक परतावा. रापणकर डिझेल जाळत नाही, म्हणून त्याला त्यातले काही मिळत नाही. लहान यांत्रिक होडीवाल्याला या परताव्याची गरज आहे, हे मी नाकारत नाही. पण एका हाताने मासेमारीचा जोर कमी करण्याचे नियम आणि दुसऱ्या हाताने तो वाढवण्याचे पैसे, ही विसंगती कोणीतरी मांडली पाहिजे. हाच पैसा बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात घातला, तर वाळूवर उभ्या असलेल्या विक्रेत्याला ‘आज विकत नाही, उद्या पाहू’ असे म्हणता येईल. टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणाऱ्या मच्छीमार स्त्रीला तर त्याचा लाभ सर्वांत जास्त होईल.

आंब्याविषयी थोडक्यात सांगतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवले की, मालाची प्रत विकणाऱ्याला कळते आणि घेणाऱ्याला कळत नाही, अशा बाजारात खराब माल चांगल्याला हुसकून लावतो. परप्रांतीय आंबा हापूसच्या पेटीत भरून ‘देवगड’ म्हणून विकला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. गिऱ्हाईक सरासरीचा भाव देतो आणि अस्सल माल पिकवणारा नुकसानीत जातो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते यावर उपाय म्हणून. पण पेटी कोणत्या बागेची हे शोधता येईल अशी व्यवस्था असेल तरच त्या मानांकनाला अर्थ. तसेच २०१६ साली फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. तो योग्यच होता. तरी अर्थशास्त्र सांगते की, आकारणी कोणाच्या नावावर आहे यावरून तिचा भार ठरत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्या अंगावर तो अखेर सरकतो. खरेदीदार आडत देतो आणि तेवढीच बोली खाली आणतो. पिकलेला आंबाही मासळीप्रमाणेच थांबत नाही.

या सर्वांतून माझ्या मते एक निष्कर्ष निघतो. आपल्या किनाऱ्यावर स्पर्धा उलट्या जागी आहे. पाण्यात, जेथे ती सर्वांचा नाश करते, तेथे ती मोकाट आहे. वाळूवर, जेथे ती विक्रेत्याला भाव मिळवून देईल, तेथे ती उचलीने आणि बर्फाच्या टंचाईने जखडलेली आहे. पाण्यातील स्पर्धेला नियमांनी आवर घालणे आणि वाळूवरील स्पर्धा सहकारी पतपुरवठ्याने मोकळी करणे, असा दुहेरी कार्यक्रम यातून उभा राहतो. सहकारी संस्था नावापुरती राहून डिझेलचा कोटा वाटत बसली, तर त्यातले काहीच साधणार नाही. उचल फेडायला तिने कर्ज दिले पाहिजे आणि लिलावात स्वतः बोली लावली पाहिजे.

या कामाची सुरुवात एका वहीपासून करता येईल. देवगड, आचरा, सर्जेकोट, मालवण, देवबाग, वेंगुर्ले अशा प्रत्येक ठिकाणी एका कार्यकर्त्याने १ ऑगस्टला हंगाम सुरू होताच रोज पाच नोंदी कराव्यात : कोणती मासळी, किती टोपल्या, बोली लावणारे किती, अंतिम भाव काय, आणि विकणाऱ्यावर उचल आहे की नाही. विकणाऱ्याचे नाव लिहू नये, म्हणजे त्याला व्यापाऱ्याचे भय राहणार नाही. दोन हंगामांची अशी वही हाती असली, तर मंत्र्यांपुढे आपण गाऱ्हाणे घेऊन जाणार नाही, हिशोब घेऊन जाऊ. गाऱ्हाण्याला आश्वासन देऊन वाटेला लावता येते. हिशोबाला उत्तर द्यावे लागते.